विजापूर पाहायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडचे बरेच प्रवासी विजापूर हे बदामी-हंपीच्या वाटेवरचं ठाणं म्हणून उरकतात. गोल घुमटावर चढायचं, ओरडायचं, खाली येऊन जेवायचं की निघाले. दोनशे वर्षं आदिलशाहीची राजधानी असलेल्या आणि मराठ्यांच्या इतिहासात पानोपानी येणाऱ्या शहरावर हा जरा अन्यायच आहे. जाणारे लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची ही उत्तरं.

विजापूर एका दिवसात होतं का?

धावतपळत होतं, पण दीड दिवस ठेवा. एकच दिवस असेल तर पूर्वेकडून पश्चिमेकडे सरका. गोल घुमट, म्हणजे महंमद आदिलशहाची कबर, शहराच्या पूर्व टोकाला. इब्राहिम रौजा, म्हणजे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची कबर, पश्चिमेला तटाबाहेर. मधलं अंतर चार-पाच किलोमीटर आहे आणि बाकीचं बहुतेक सगळं त्याच पट्ट्यात येतं. सकाळी उघडल्याउघडल्या गोल घुमट, मग जुम्मा मशीद, मेहतर महाल, असर महाल, अर्किल्ला (आतला बालेकिल्ला) आणि बारा कमान. जेवून थोडं टेका. उन्हं उतरल्यावर उपली बुरूज, मुलुख मैदान तोफ, ताज बावडी आणि शेवटी रौजा. रौजा घाईत पाहू नका. दिवसातला निवांत तास कुठे खर्च करायचा असेल तर तो तिथे.

महाराष्ट्रातून कसं जायचं?

सोलापूरहून रस्ता सुमारे शंभर किलोमीटरचा आहे. टाकळीजवळ भीमा ओलांडली की पलीकडे धुळखेड, म्हणजे कर्नाटक. स्वतःच्या गाडीने दोन तास धरा. सोलापूरहून दोन्ही राज्यांच्या एसट्या मिळतात. सांगली-मिरजेकडून येणारे जतवरून येतात. रेल्वेने यायचं तर होटगी-गदग मार्गावरच्या गाड्या पाहा. स्टेशन गोल घुमटाच्या बाजूलाच आहे. बसस्थानक मात्र अर्किल्ल्याजवळ, शहराच्या पोटात. २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव विजयपुर झालं आहे, त्यामुळे तिकीट काढताना त्या नावाने शोधा.

कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि दगडी फरशीवर अनवाणी पाऊल ठेववत नाही. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली असतात, हे मात्र लक्षात ठेवा. का, ते पुढे घुमटाच्या आवाजाबद्दल वाचताना कळेल.

तिकीट किती? वेळा काय?

तिकीट दोनच वास्तूंना लागतं: गोल घुमट आणि इब्राहिम रौजा. दोन्ही पुरातत्त्व खात्याकडे आहेत. भारतीयांना प्रत्येकी २५ रुपये, ऑनलाइन काढल्यास थोडं कमी, आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना मोफत. दर बदलत राहतात, तेव्हा खिडकीवरचा फलक खरा माना. घुमटासमोरच्या नगारखान्यात संग्रहालय आहे. तिथे जुनी शस्त्रं, शिलालेख, हस्तलिखितं, गालिचे आहेत. ते शुक्रवारी बंद असतं, म्हणून शुक्रवार टाळलेला बरा. बाकीच्या वास्तूंना तिकीट नाही.

गोल घुमटातला प्रतिध्वनी खरंच सात वेळा ऐकू येतो का?

येतो, कधी त्याहून जास्त वेळाही. पण त्यासाठी आत शांतता हवी आणि ती फक्त पहाटे मिळते. शंभर पोरं एकदम किंचाळायला लागली की प्रतिध्वनी वगैरे काही उरत नाही, नुसता गलका. म्हणून पहिल्या तासात पोहोचा.

वरच्या सज्जात गेल्यावर लोक आधी ओरडतात. तुम्ही उलट करा. एकाने भिंतीला तोंड लावून कुजबुजायचं, दुसऱ्याने बरोबर समोरच्या बाजूला भिंतीला कान लावायचा. मधे जवळजवळ ३८ मीटर पोकळी आहे, तरी शब्द स्पष्ट पोहोचतात. आवाज वक्र भिंतीला धरून सरकत जातो, पोकळीत विखरून जात नाही. टाळीचं गणित वेगळं. टाळीचा आवाज पलीकडच्या भिंतीवर आदळून परत यायला पाव सेकंदाहून किंचित कमी वेळ लागतो, मग पुन्हा जातो, पुन्हा येतो, दर खेपेला क्षीण होत. तेच आपण मोजतो. कागद चुरगळून पाहा, तोही ऐकू येईल. वास्तू बांधणाऱ्याने हे सगळं ठरवून केलं असं गाईड ठासून सांगतात, पण इतका मोठा गुळगुळीत घुमट बांधला की हे होणारच.

हा जगातला दुसऱ्या क्रमांकाचा मोठा घुमट आहे ना?

पाठ्यपुस्तकापासून फलकांपर्यंत हेच लिहिलेलं असतं, पण आकडे तसं सांगत नाहीत. गोल घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर आहे. रोमचं पँथिऑन ४३ मीटरच्या पुढे, फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट त्याहूनही मोठा आणि रोममधलाच सेंट पीटरचा ४१ मीटरच्या वर. हे तिन्ही विजापूरच्या आधीचे. विसाव्या शतकातली क्रीडागृहं तर धरायलाच नकोत.

खरा मान वेगळ्या मोजमापात आहे. पँथिऑन गोल आहे, गोल घुमट आतून चौकोनी, एकेक बाजू ४१ मीटरच्या आसपास. त्यामुळे एका घुमटाखाली झाकलेली जमीन इथे जवळजवळ १,७०० चौरस मीटर भरते, म्हणजे पँथिऑनपेक्षा जास्त. मधे एकही खांब नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या चुकीच्या दाव्यापेक्षा हे वैशिष्ट्य मला जास्त अभिमानाचं वाटतं. फलक रंगवणाऱ्याला कोणीतरी सांगायला हवं.

मग खांबाशिवाय तो उभा कसा आहे?

आत उभं राहून वर पाहा. चारही भिंतींतून आठ कमानी उठतात आणि एकमेकींना छेदत आत झुकतात. एका चौरसावर दुसरा चौरस तिरपा ठेवला की आठ टोकांची चांदणी होते आणि मधे अष्टकोन उरतो. या कमानींनी तेच केलं आहे. त्या अष्टकोनावर गोल कडं, आणि कड्याच्या आतल्या काठापासून मागे सरकवून घुमट बसवला आहे. मागे सरकवल्यामुळे जी पडवी उरली तोच तो कुजबुजीचा सज्जा, सव्वातीन मीटरहून थोडा रुंद. घुमट आपल्या वजनाने बाहेर ढकलतो, झुकलेल्या कमानी आत ढकलतात आणि दोन्ही जोर एकमेकांना धरून राहतात. घुमट विटा आणि चुन्याचा आहे, बुडाशी तीन मीटर जाड. विजापूरच्या कारागिरांनी ही रचना आधी जुम्मा मशिदीच्या घुमटात करून पाहिली होती, त्यामुळे आधी जुम्मा मशीद पाहिलेल्याला इथलं गणित चटकन उलगडतं.

खालच्या चौथऱ्यावर दिसतात त्या खऱ्या कबरी नव्हेत. महंमद आदिलशहा, त्याच्या बेगमा, रंभा नावाची नर्तकी, मुलगी आणि नातू यांच्या त्या प्रतीक-कबरी. खऱ्या कबरी तळघरात आहेत. दक्षिण दरवाजावरचा शिलालेख तीन तुकड्यांत आहे. अक्षरांना ठरलेले आकडे देऊन बेरीज केली की प्रत्येक तुकड्याची हिजरी १०६७ भरते, म्हणजे सुलतान वारला ते १६५६ साल. त्याच वर्षाच्या सुरुवातीला शिवाजी महाराजांनी आदिलशाहीचे सरदार चंद्रराव मोरे यांच्याकडून जावळी घेतली. इकडे अवाढव्य घुमट पुरा होत होता, तिकडे सह्याद्रीतला मुलूख हातचा जाऊ लागला होता.

वर चढणं वयस्करांना जमेल का?

चारही कोपऱ्यांना अष्टकोनी मनोरे आहेत आणि जिने त्यांतच. पायऱ्या शंभराहून जास्त, उंच आणि अरुंद. चढणारे-उतरणारे समोरासमोर आले की भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. गुडघेदुखी किंवा दम्याचा त्रास असेल तर खालचं दालन आणि संग्रहालय पुरेसं आहे, उगाच हट्ट नको. लहान मुलांचा हात वर सज्जात सोडू नका.

इब्राहिम रौजा म्हणजे ताजमहालाचा मूळ नमुना, हे खरं का?

या दाव्याला पुरावा नाही. ताजमहालाची वंशावळ दिल्लीतल्या हुमायूनच्या कबरीकडे जाते. राणीसाठी बांधलेली कबर, एवढं साम्य मात्र आहे. रौजा मुळात दुसऱ्या इब्राहिमची राणी ताज सुलताना हिच्यासाठी उभारला जात होता, पुढे १६२७ मध्ये इब्राहिमलाही तिथेच पुरलं. मलिक संदल या अधिकाऱ्याने हे काम पार पाडल्याचं आणि दीड लाख नऊशे होन खर्च झाल्याचं तिथल्या शिलालेखातच कोरलं आहे.

ताजमहालाच्या तुलनेचा चष्मा उतरवला की रौजा जास्त छान दिसतो. एका चौथऱ्यावर समोरासमोर कबर आणि मशीद, मधे हौद. कबरीच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या जाळ्या पाहा. नक्षी वाटते ती खरं तर अरबी अक्षरं आहेत, दगड आरपार कोरून काढलेली, आणि आत जो काही उजेड येतो तो त्या अक्षरांतून झिरपतो. कोपऱ्यांवर अखंड दगडातून कोरलेल्या साखळ्या लोंबत असत, त्यांतल्या काही अजून शाबूत आहेत. आतल्या दालनाचं छत सपाट आहे, मधे तुळई नाही, आधार नाही. ते वर राहतं ते चुन्याच्या पकडीवर आणि दगड एकमेकांत बसवण्याच्या कसबावर. मला विचाराल तर विजापुरात एकच वास्तू पाहायची असेल तर ही. गोल घुमटाने माणूस दडपतो, इथे रमतो.

हा इब्राहिम वल्लीच होता. त्याला लोक जगद्गुरू म्हणत. त्याने दखनी भाषेत गीतं रचली, त्यात सरस्वती आणि गणपतीची स्तुती आहे. आपल्या तंबोऱ्याला त्याने मोतीखान हे नाव दिलं होतं. पश्चिमेला तोरवीजवळ नवरसपूर नावाचं नवं नगर त्याने वसवायला घेतलं. ते पुरं व्हायच्या आत १६२४ मध्ये मलिक अंबरने लुटून उद्ध्वस्त केलं.

मुलुख मैदान तोफ महाराष्ट्रातून आणली होती का?

हो. ती १५४९ मध्ये अहमदनगरला निजामशाहीसाठी ओतली गेली. ओतणारा महंमद बिन हसन रूमी, त्याचं नाव तोफेवर आहे. पुढे ती परंड्याच्या किल्ल्यावर होती. परंडा आदिलशाहीकडे आला तेव्हा, १६३२ मध्ये, ती विजापुरात आणली. हे काम ज्याने केलं तो मुरार जगदेव पुण्याच्या लोकांना वेगळ्या कारणासाठी ठाऊक आहे: पुण्यावर गाढवाचा नांगर फिरवल्याची परंपरा त्याच्याच नावावर सांगितली जाते.

वजन सुमारे ५५ टन. परंड्याहून इथपर्यंत, बैल आणि हत्ती लावून, मधे भीमा ओलांडून हे धूड आणलं असेल, याची नुसती कल्पना करा. तोंड सिंहाच्या जबड्यासारखं आणि त्या दातांखाली चिरडलेला हत्ती. धातू पंचरसी आहे, हाताने वाजवलं तर घंटेसारखा नाद देते. इंग्रजांनी १८५४ मध्ये हिचा लिलाव काढला आणि सर्वांत मोठी बोली आली १५० रुपये! सुदैवाने वरच्या अधिकाऱ्याने तो लिलाव रद्द केला, नाहीतर वितळून तिची भांडी झाली असती.

जवळच उपली बुरूज आहे. तटाला न जोडलेला, एकटा उभा, बाहेरून वळत जाणारा जिना. वर दोन लांबलचक तोफा आहेत, त्यातली एक नऊ मीटरहून लांब. चढायला सोपा, वरून सगळं शहर दिसतं.

बारा कमान अर्धवट का राहिली?

बारा कमान म्हणजे दुसऱ्या अली आदिलशहाची कबर. गाईडची गोष्ट अशी: अलीला बापाच्या घुमटावर आपल्या कबरीची सावली पाडायची होती, म्हणून बांधकाम मुद्दाम थांबवलं गेलं. दोन्ही वास्तूंमधलं अंतर पाहिलंत तर सावलीची गोष्ट तिथेच गळून पडते.

कारण सरळ आहे. अली १६५६ मध्ये गादीवर आला आणि १६७२ मध्ये, ऐन उमेदीत वारला. त्याच्या कारकिर्दीत मोगलांनी उत्तरेकडून रेटा लावला, पश्चिमेला शिवाजी महाराजांनी कोकण आणि घाटावरचे किल्ले घेतले, दरबारात दखनी आणि पठाण सरदारांची भांडणं चालली होती. महसूल आटलेला आणि वारस चार वर्षांचा सिकंदर. अशा वेळी कबरीसाठी पैसा कोण देणार? अली वारल्यानंतर वर्षभरात, १६७३ मध्ये, पन्हाळा मराठ्यांच्या हाती आला. सिकंदर मोठा होईपर्यंत राज्यच उरलं नाही. १६८६ च्या सप्टेंबरात औरंगजेबाने विजापूर घेतलं आणि गगन महालात त्या पोराला चांदीच्या बेड्यांत हजर केल्याचं सांगतात. त्यामुळे गगन महालाच्या अठरा मीटर रुंद कमानीखाली आधी जा आणि बारा कमान त्यानंतर पाहा. गोष्ट क्रमाने लागणार नाही, पण चांगली लागेल.

अफझलखानाच्या बायकांच्या कबरी कुठे आहेत? ती गोष्ट खरी का?

शहराबाहेर, पश्चिमेच्या बाजूला. स्थानिक लोक साठ कबर म्हणतात, प्रत्यक्षात साठहून थोड्या जास्त. शिवाजी महाराजांवर निघण्यापूर्वी, आपण परत येणार नाही असं ज्योतिषाने सांगितलं म्हणून खानाने बायकांना मारलं, ही कथा आपल्याकडे आणि तिकडेही सांगितली जाते. ती लोककथाच धरावी. एकसारख्या, ओळीने मांडलेल्या कबरी आणि एवढा मोठा आकडा, यावर गोष्ट रचली जायला फार वेळ लागत नाही. खानाने स्वतःसाठी बांधलेली कबर आणि मशीद त्या भागातच आहे, पण तो पुरला गेला प्रतापगडाच्या पायथ्याशी. रस्ता कच्चा आहे, फलक कमी. रिक्षावाल्याला ‘साठ कबर’ म्हणून विचारा आणि दिवसाउजेडी जा.

शिवकाळाशी जोडलेलं आणखी काय आहे?

महाराजांचं नाव लावलेली वास्तू इथे शोधू नका. शहाजीराजे आदिलशाहीचे मोठे सरदार होते आणि पुणे-सुप्याची जहागीर याच दरबाराने त्यांच्याकडे कायम ठेवलेली. महसुली दफ्तर पहिल्या इब्राहिमच्या काळात फारसीतून इथल्या भाषेत आलं आणि त्या कचेऱ्यांत दक्षिणी ब्राह्मण कारकून भरले. या शहराशी आपलं नातं तोफांइतकंच कागदांचंही आहे. अर्किल्ल्याच्या खंदकाकाठी नरसोबाचं देऊळ आहे, दत्तभक्तांनी तिथे डोकं टेकवून यावं.

बाकीच्या वास्तूंपैकी काय सोडलं तरी चालेल?

जुम्मा मशीद सोडू नका. पहिल्या अलीने तालिकोटच्या विजयानंतर सुरू केलेली ही मशीद, तिचे मनोरे कधी पुरे झालेच नाहीत. फरशीवर औरंगजेबाच्या काळात आखलेले २,२५० चौकोन, नमाजाला एकेका माणसाचे. मुख्य मिहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा, सोन्याने आणि रंगाने मढवलेला आहे आणि त्यावर कारागिराचं नाव आहे, याकूत दाबुली. हा दाभोळचा.

मेहतर महाल पाच मिनिटांचा आहे. नाव महाल असलं तरी तो मशिदीचा दरवाजा, पण सज्जाखालचे दगडी तीर लाकडासारखे कोरले आहेत. असर महालात पैगंबरांचा केस जपल्याची श्रद्धा आहे. आत स्त्रियांना प्रवेश नाही, ही जुनी प्रथा. त्यामुळे कुटुंबासह असाल तर बाहेरून, हौदाच्या काठावरून पाहून पुढे जा.

पाण्याच्या बावड्या पाहण्यासारख्या आहेत का?

ताज बावडी नक्की पाहा. दरवाजाची कमान प्रचंड, दोन्ही बाजूंना बुरुजासारखे मनोरे, आत चौकोनी तळं. चांद बावडी तिच्या आधीची, चांदबीबीच्या नावाची. या शहराला नदी नाही. तोरवी आणि बेगम तलावाकडून भुयारी नळांनी पाणी आणलं जायचं आणि जागोजागी दगडी मनोऱ्यांतून त्याचा दाब कमी केला जायचा. त्यांना ‘गंज’ म्हणतात. रस्त्याकडेला चौकोनी, दार नसलेला दगडी खांब दिसला तर तो गंज असू शकतो. रिक्षावालेही हे दाखवत नाहीत, तुम्हीच शोधा.

गाईड घ्यावा का?

गोल घुमटावर घ्या, पण पैसे आधी ठरवून. आवाजाचे प्रयोग ते छान करून दाखवतात. इतिहास मात्र चिमूटभर मीठ घालूनच ऐका. रंभाने प्रेम सिद्ध करायला सज्जातून उडी मारली, ही गोष्ट हमखास ऐकाल. ऐकायला मजा येते, मान डोलवा.

कपडे, चपला, कॅमेरा?

मशिदीत आणि रौजाच्या कबरीपाशी पादत्राणं काढावी लागतात. दुपारी जाणार असाल तर जाड मोजे जवळ ठेवा. अंगभर कपडे असावेत, डोक्यावर घ्यायला ओढणी किंवा रुमाल. मोबाइल आणि साध्या कॅमेऱ्याला अडचण नाही, तिवईसाठी परवानगी लागते आणि ड्रोन तर नकोच.

भाषेची आणि जेवणाची सोय काय?

कन्नड आणि दखनी उर्दू चालतात, हिंदीने काम भागतं, आणि सोलापूर जवळ असल्याने मराठी समजणारेही भेटतात. जेवायला खानावळीत जा. ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी, मोड आलेल्या कडधान्याची उसळ, दही. आपली सोलापूरची चव, भाकरी फक्त अधिक पातळ आणि कडक. दुपारी एक-दीडपर्यंत पोहोचलात तर सगळं ताजं मिळतं.

दुसरा दिवस असेल तर आजूबाजूला काय?

तोरवीला नवरसपूरचे अवशेष आणि नृसिंहाचं भूमिगत देऊळ. तालिकोटच्या रस्त्यावर कुमटगी, आदिलशाहीचा उन्हाळी जलमहाल, भिंतींवर पोलो आणि कुस्तीची पुसट चित्रं. दोन्हीकडे गर्दी नाही. बसवेश्वरांचं जन्मगाव बसवन बागेवाडी तासाभरावर आणि त्याच दिशेने पुढे आलमट्टीचं धरण. बदामी-पट्टदकल-ऐहोळेसाठी मात्र स्वतंत्र दोन दिवस ठेवा. त्याच दिवशी परत येण्याच्या बेताने निघालात तर तिन्हीपैकी एकही धड होणार नाही.